संबंधित आवाज

मागच्या दिवाळीनंतर जवळजवळ आठ महिने मी माझ्या नवऱ्याशी एकदाही भांडले नाही. हे ऐकून बायका माझ्याकडे कौतुकानं बघतात, आणि मला त्यांना एकेक करून आमच्या घरी आणून बसवावंसं वाटतं. नवऱ्याच्या प्रत्येक वाक्याला आठ महिने ‘हो’ म्हणून बघा, मग कौतुक करा.

आमचे हे म्हणजे हेमंत निकम, सांगलीतल्या एका शाळेतून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक. आवाज असा, की मैदानाच्या या टोकाला ओरडले की त्या टोकाची पोरं सरळ उभी राहायची. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. मीही काही गरीब गाय नव्हे. आमचा संसार भांडणावर चालला होता आणि उत्तम चालला होता. सकाळी चहातल्या साखरेवरून सुरू व्हायचं, जेवणापर्यंत मिटायचं, संध्याकाळी नवा विषय.

दिवाळी संपली त्या आठवड्यात, जेवण झाल्यावर यांच्या पोटात कळ आली. यांनी दोष दिला चिवड्याला, म्हणजे मला. ओवा खाल्ला, सोडा घेतला, अंगणात फेऱ्या घातल्या, आणि तेवढा वेळ चिवड्यातलं खोबरं खवट होतं हे पटवून देत राहिले. शेवटी घाम फुटून पायरीवर बसले तेव्हा आमच्या ओंकारनं त्यांना गाडीत घातलं आणि मिरजेला नेलं. खोबरं खवट नव्हतं, हे मी इथे एकदाच सांगून ठेवते.

मिरजेच्या डॉक्टर तांबोळींनी आम्हाला समोर बसवून नीट समजावलं. आतड्यांना रक्त पुरवणारी एक मोठी धमनी पोटात असते. तिची भिंत एका थराची नसते, आत अस्तर असतं. यांचं ते अस्तर एका जागी फाटलं होतं. कोटाच्या बाहीचं अस्तर फाटलं की हात बाहीत न जाता अस्तरात शिरतो आणि तिथेच अडकतो, तसं रक्त भिंतीच्या थरांमध्ये शिरलं होतं आणि तिथे त्यानं खिसा केला होता. खिसा फुगला की खरी वाट दबते. वाट बंद पडली तर आतडं मरतं, खिसा बाहेरून फुटला तर माणूस.

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. खिशात शिरलेलं रक्त गोठायला हवं, कारण ते गोठलं तरच अस्तर पुन्हा भिंतीला चिकटतं. पण शेजारच्या अरुंद झालेल्या वाटेतलं रक्त गोठता कामा नये. दोन्ही वाटांमध्ये रक्त एकच, त्याला एकीकडे गोठ आणि दुसरीकडे गोठू नकोस असं सांगायचं कसं? पूर्वी डॉक्टर रक्त पातळ करणारी गोळी द्यायचे, काही जण द्यायचेच नाहीत, आणि दोघांचेही पेशंट कधी बरे व्हायचे, कधी नाही. नेमकं प्रमाण कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ते दर तासाला बदलतं.

आता ते मोजणारी चकती आली होती. अंगठ्याच्या नखाएवढी, बेंबीशेजारी कातडीखाली बसवायची. तिच्यातून केसासारखी एक तार धमनीपर्यंत जाते आणि रक्ताच्या वाहण्याचा आवाज ऐकत राहते. चकतीत दोन कप्पे असतात, एकात रक्त पातळ करणारं औषध, दुसऱ्यात त्याचा उतारा. खरी वाट अडखळतेय असं ऐकू आलं की पहिल्यातला थेंब, खिसा भरतोय असं वाटलं की दुसऱ्यातला. डॉक्टर म्हणाल्या, या चकतीमुळे बहुतेकांचं अस्तर वर्षभरात चिकटतं.

फक्त एक गोष्ट होती. रक्तदाब एकदम चढला की फाटलेलं अस्तर फडफडतं आणि चीर पुढे सरकू शकते. तेव्हा चकती घाईघाईनं उतारा सोडते. त्यानं रक्त दाट होतं, मग वाट बुजायची भीती, आणि हा सगळा तोल पूर्ववत यायला बारा-पंधरा तास जातात. थोडक्यात, यांना राग येता कामा नये. हे डॉक्टर इतक्या सहज म्हणाल्या, की मी ओंकारकडे बघितलं आणि ओंकारनं छताकडे.

चकती आमच्या तिघांच्या फोनला जोडलेली होती. फोनवर एक गोल दिसायचा. हिरवा असेल तर सगळं ठीक, पिवळा झाला की सावध, लाल झाला की मिरजेला आपोआप खबर आणि गाडी रवाना. एवढ्यावर भागलं असतं. पण घरच्यांना मदत व्हावी म्हणून कंपनीच्या हुशार माणसांनी आणखी एक सोय करून ठेवली होती. दाब चढला की त्याच्या लगेच आधी खोलीत कोण बोलत होतं, ते फोन आवाजावरून ओळखायचा आणि गोलाखाली लिहायचा.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी म्हटलं, ओला टॉवेल गादीवर टाकू नका. फोन थरथरला. पिवळा गोल, आणि खाली अक्षरं: संबंधित आवाज – पत्नी.

महिन्याअखेरी ओंकारनं मला सगळ्याची बेरीज दाखवली. सगळ्यात वर मी. माझ्याखाली मुकुंददादा, म्हणजे यांचे थोरले भाऊ. टीव्हीवरचे पुढारी सगळे मिळून तिसरे. मी यांच्यासाठी पथ्याचं रांधत होते, रात्री उठून पांघरूण घालत होते, आणि मशीन मला रोगाचं कारण म्हणत होतं. मी ओंकारला म्हटलं, याच्यात माझ्या कामाचा रकाना कुठाय? तो म्हणाला, “आई, प्लीज. तू फक्त बोलू नकोस.”

मग मी बोलले नाही. भात कच्चा राहिलाय म्हणाले, हो म्हटलं. तो शिजलेला होता. शेजारच्या आपटेबाई चढेल आहेत म्हणाले, हो म्हटलं. त्यांच्यासारखी साधी बाई गल्लीत नाही. ओंकार तर वडलांशी बँकेतल्या माणसासारखा हसून बोलायचा. यांना पहिला महिना बरं वाटलं असावं. नंतर ते विषय काढून बघायला लागले. मुद्दाम काहीतरी उलट बोलायचे आणि आमच्या तोंडाकडे बघायचे. आम्ही मान डोलवायचो. हळूहळू त्यांनी तेही सोडलं. खिडकीशी बसून पोरांना शिकवायचे तसा लांब श्वास घ्यायचे, सोडायचे. गोल हिरवागार. डॉक्टर खूश, ओंकार खूश, आणि मला स्वयंपाकघरात भांडी आपटावीशी वाटायची. तेही करता येत नव्हतं, कारण भांड्यांचा आवाजसुद्धा माझ्याच नावावर जमा होत होता.

दादांचं प्रकरण याहून वाईट झालं. ते कराडला असायचे. दोघे भाऊ तरुणपणी तालुक्याच्या व्हॉलीबॉल संघात खेळायचे, आणि एका अंतिम सामन्यात हरले होते. शेवटचा चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, यावर दर रविवारी सकाळी फोनवर वाद. मला तो वाद झोपेतही म्हणून दाखवता आला असता. दादा फोन ठेवताना हसत असायचे आणि हे तणतणत असायचे, पण पुढच्या रविवारी फोन यायला पाच मिनिटं उशीर झाला की हेच येरझारा घालायचे.

ओंकारनं दादांना फोन करून सांगितलं की काही महिने बाबांशी बोलू नका. मी समोर बसले होते. दादा म्हणाले, माझ्या बोलण्यानं त्याचं पोट फाटत असेल तर मी कशाला बोलू, बरा झाला की त्यालाच करू दे फोन. वाईट वाटलेलं त्यांच्या आवाजात कळत होतं. आम्ही यांना सांगितलं की दादा काशीला गेलेत, मग सांगितलं की त्यांचा फोन बिघडलाय. हे दर रविवारी विचारायचे. मी डॉक्टरांना दर वेळी एकच प्रश्न करायचे, अस्तर कधी चिकटणार आणि दोघा भावांना कधी बोलता येणार. डॉक्टर म्हणायच्या, अजून थोडं थांबा. मी कराडला वहिनींना तसं कळवायचे. अजून थोडं थांबा.

आषाढात एका दुपारी दादा जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

वहिनींचा फोन मला आला. हे पलीकडच्या खोलीत होते. मी नळ सोडून ठेवला आणि त्या आवाजाआड ओंकारला कळवलं. त्यानं डॉक्टरांना विचारलं. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, अस्तर बरंच चिकटलंय, पण एक कोपरा अजून सुटा आहे, एवढा मोठा धक्का तो सोसेल की नाही ते मला सांगता येणार नाही. सांगायचं की नाही हे घरच्यांनी ठरवायचं. घरच्यांनी म्हणजे ओंकारनं ठरवलं. सांगायचं नाही. दादांना एक मुलगीच, ती परदेशात, म्हणून अग्नी द्यायला ओंकारच गेला. जाताना बापाला ऑफिसच्या कामाला पुण्याला जातोय म्हणाला. हे म्हणाले, जपून जा.

आता माझी पंचाईत ऐका. दीर गेले, म्हणजे आम्हाला सूतक. मी देवभोळी नाही, पण सूतकात देवाला हात लावणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. ओंकार फोनवर म्हणाला, आई, रोजच्यासारखी पूजा कर, नाहीतर बाबांना संशय येईल. मी त्याला सांगितलं, तू सांगशील ते खोटं मी तुझ्या बापाशी बोलेन, देवाशी बोलणार नाही. वर त्यालाच विचारलं, ज्याला माहीतच नाही त्याला सूतक लागतं का? तो म्हणाला, मला हे ऑनलाइन बघावं लागेल. माझ्या पोटच्या पोरानं मला हे उत्तर दिलं.

मी यांना सांगितलं, गुडघा धरलाय, देवापुढं बसता येत नाही. आपटेबाईंना खरं सांगून बोलावलं. त्या सकाळी येऊन दोन फुलं वाहायच्या, संध्याकाळी दिवा लावायच्या, आणि हळहळलेला चेहरा करून यांच्या समोरून जायच्या. त्यांना मी दोनदा बजावलं की तेवढा चेहरा घरी ठेवून या. मधेच संकष्टी आली, मी नैवेद्य केला नाही. गोड काही केलं नाही. यांनी काही विचारलं नाही. चढेल बाईच्या हातची पूजा यांनी निमूट चालू दिली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण आठ महिने होयबा झालेल्या बाईचं डोकंही तसंच होतं.

दहावा करून ओंकार परत आला तो डोक्याचा गोटा करून, वर टोपी घालून. मी त्याला दारातच डोळ्यांनी विचारलं, आता काय सांगणार? त्या शहाण्यानं बापाला सांगितलं की ऑफिसातल्या सगळ्यांनी मिळून एका आजारी सहकाऱ्यासाठी केस काढले. मला तिथेच डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. यांनी टोपी काढायला लावली, त्या गोट्यावरून हात फिरवला, बराच वेळ फिरवला, आणि म्हणाले, “चांगलं केलंस.” गोल हिरवा. ओंकार आत येऊन मला म्हणाला की बघ, कसं निभावलं.

दुसऱ्या दिवशी मी घर धुऊन काढलं, गोमूत्र शिंपडलं, देव उजळले. ओंकार कामावर होता. तिन्हीसांजेला मी स्वतः देवापुढं बसले आणि दिवा लावला. मागून यांचा आवाज आला.

“फिटलं का सूतक?”

माझ्या हातातली काडी तशीच जळत राहिली. चटका बसला तेव्हा टाकली. वळून बघितलं तर हे दाराच्या चौकटीला धरून उभे होते. मी आधी काय केलं असेल तर फोन बघितला. हिरवा.

“कधी कळलं?” मी विचारलं.

“पहिल्याच संध्याकाळी. तू दिवा लावला नाहीस. ताप असताना उठून लावलास तू, गुडघ्यासाठी राहील होय? आणि भावकीत आता दुसरं आहे कोण?”

ते खुर्चीवर बसले. म्हणाले, मीसुद्धा इतके दिवस देवाला हात जोडले नाहीत, तुझ्या लक्षात नाही आलं. खरंच आलं नव्हतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर शाळेतल्या पोराला समजावावं तसं सांगायला लागले.

“विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. तुला खोटं टिकवता येत नाही. मग इथं लाल झालं असतं आणि त्याच्याखाली तुझं नाव आलं असतं. ओंकारनं जन्मभर तुला बोल लावला असता. म्हणून श्वास घेत बसलो.” मग त्यांनी विचारलं, “आता रडू का?”

लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं मला कधी पाणी पिऊ का म्हणून विचारलं नव्हतं. तो मला रडायची परवानगी मागत होता. मी म्हटलं, रडा.

त्यांनी डोळे मिटले. मी वाट बघत राहिले. त्यांचा चेहरा थोडा हलला, आणि छाती आपोआप लांब श्वास घ्यायला लागली. आत, बाहेर. आत, बाहेर. मैदानावर पोरांना शिकवलेला तोच श्वास. गोल हिरवाच. डोळे उघडून ते माझ्याकडे हरवल्यासारखे बघायला लागले. म्हणाले, “येत नाही गं. जमत नाही आता.”

त्या क्षणी माझं जे डोकं फिरलं ते सांगता येत नाही. चकतीवर फिरलं, कंपनीवर, पोरावर, आणि सगळ्यात जास्त समोर बसलेल्या या माणसावर. इतके दिवस मी नळ सोडून रडत होते, आपटेबाईंना आत-बाहेर करत होते, गुडघा धरून लंगडत होते, आणि याला सगळं माहीत होतं.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच नवा वाटला. “माहीत होतं आणि मला एकटीला लंगडत ठेवलंत. मला कुणाजवळ रडता आलं असतं? माझे दीर नव्हते ते? आपलं लग्न ठरताना मला आधी त्यांनी बघितलं होतं, तुम्ही नंतर. आणि तुम्ही खिडकीत बसून श्वास घेत होता.”

“मी तुझ्यासाठीच–”

“माझ्यासाठी काही करू नका. भांडायचं होतं माझ्याशी. ओरडायचं होतं की माझा भाऊ मेला आणि मला कुणी सांगत नाही.”

“आणि तू काय केलंस?” ते उठून उभे राहिले. तो जुना आवाज, मैदानाच्या त्या टोकाला जाणारा. “माझा भाऊ होता तो. काशीला गेला म्हणालीस. फोन बिघडला म्हणालीस. माझी वाट बघत मेला असेल तो. मला शेवटचं तोंड बघू दिलं नाहीत तुम्ही लोकांनी. पोट माझं, भाऊ माझा, आणि ठरवणारे तुम्ही–”

पुढचं बोलता आलं नाही. ते खाली बसले आणि रडायला लागले. लहान मूल रडतं तसे, तोंड उघडं ठेवून, दादा दादा करत. फोन पिवळा झाला, लाल झाला, ओरडायला लागला. मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. ओंकारचा फोन आला. तो म्हणाला, आई, काय केलंस, त्यांना शांत कर, गाडी निघालीय. मी म्हटलं, गाडी येऊ दे, शांत करणार नाही. आणि ठेवून दिला. मी फार शूर आहे असं समजू नका. त्यांच्या प्रत्येक हुंदक्याला मी रस्त्याकडे कान देत होते, गाडी आली का म्हणून. तो सुटा राहिलेला कोपरा मला डोळ्यांपुढं दिसत होता.

मिरजेला त्यांनी यांना रात्रभर ठेवून घेतलं. चकतीनं उतारा सोडला होता, रक्त दाट झालं होतं, सकाळपर्यंत तोल जागेवर आला. डॉक्टर तांबोळींनी मला बाजूला घेऊन चांगलंच झापलं. मग चित्र दाखवलं. अस्तर होतं तिथेच होतं. चीर केसभरही पुढे सरकली नव्हती. त्या म्हणाल्या, आज सोसलं म्हणजे दोन महिन्यांपूर्वी सोसलं असतं असं नाही, आणि पुन्हा सोसेल असंही नाही. मी म्हटलं, ते मला समजतं.

बाहेर ओंकार हुश्श करून म्हणाला की बघ, काही झालं नाही. त्याच्या त्या वाक्याचा मला इतका संताप आला. मी विचारलं, काही झालं नाही, तर मग दादांचे फोन आपण कशाला बंद केले? तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. चकती मात्र सगळं टिपून ठेवत होती.

घरी सोडताना डॉक्टरांनी विचारलं, घरच्यांच्या फोनवरची खबर चालू ठेवायची का. ओंकार हो म्हणायच्या आत हे म्हणाले, मिरजेला कळू दे, घरात नको. कागदावर सही केली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदा या माणसानं स्वतःचं काही ठरवलं होतं.

दोन दिवसांनी ते सदरा-पायजमा घालून बाहेर आले. म्हणाले, कराडला जाऊन येतो, वहिनीजवळ बसतो जरा. मी ओंकारला गाडी काढायला सांगितली, डबा भरला, औषधं बघितली. मग सवयीनं दारातच थांबले. म्हटलं, मी आले तर चालेल ना? की त्रास होईल?

ते चपला घालत होते. वर न बघता म्हणाले, “ये की. पण गाडीत गप्प बसू नकोस.”